खांबाजवळची खुर्ची

"बस रे, बस. उभा काय राहतोस? त्या खुर्चीवर बस," सबनीस दिवाण म्हणाले, आणि मी मागं वळून बघितलं. म्हटलं, माझ्या पाठोपाठ कोण आलं?

मागं कुणीच नव्हतं. तंबूच्या दाराशी माझ्याच वहाणा पडल्या होत्या. सोनवली संस्थानचे दिवाण, ज्यांच्यापुढं आमच्या गावचा पाटीलसुद्धा सतरंजीच्या कडेला उकिडवा बसायचा, ते मला, मार्तंड रखमाजी गुरवाला, खुर्चीवर बस म्हणत होते. वेताची खुर्ची होती, पाठीला गोल वळण दिलेली. मी आपला कडेवर टेकलो, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"नीट बस की. मोडत नाही ती."

मग नीट बसलो. आता त्र्याऐंशी संपली, या वयात काय लपवायचं? त्या खुर्चीत पाठ टेकल्यावर जे वाटलं ते मला बोहल्यावरही वाटलं नाही. वेताचा जरासा करकर आवाज झाला आणि पाठ आपोआप ताठ झाली. मी चोवीस वर्षांचा होतो, सातवीची फायनल पास होतो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणा मोठ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडेल इतक्या उंचीवर बसलो होतो.

"काय, बोलला का तुझा कोष्टी?" दिवाणांनी विचारलं.

"नाही जी. बोलले नाहीत."

दिवाणासारखा माणूस गुरवाच्या पोराची एवढी मनधरणी का करत होता, ते आधी सांगतो. नदीच्या दोन काठांवर दोन संस्थानं. अलीकडं सोनवली, पलीकडं हिरडगाव. सोनवलीचे राजे वारलेले, युवराज सात वर्षांचे, म्हणून कारभार राणीसरकारांच्या हाती. हिरडगावला राजेसाहेब. दोन घराण्यांचं वैर आजोबांच्या वेळेपासूनचं. कुठल्याशा लग्नात कुणाचा हत्ती पुढं, यावरून लागलेलं. आणि नदीच्या मधोमध बेटावर आमचा मठ. दोन्ही काठची माणसं मठाची. मठाधिपती म्हणेल ती पूर्व दिशा, इतकं वजन. नव्या मठाधिपतीच्या खांद्यावर पहिली चादर ज्या दरबारची पडेल, त्या दरबारचा मान मग जत्रेत, पालखीत, पानसुपारीत सगळीकडं पहिला. म्हणून गादीवर आपला माणूस बसवायला दोघंही टपलेले.

त्या माघात जुने अमृतबुवा वारले. जाताना त्यांनी बारा जणांदेखत भानुबुवांच्या डोक्यावर हात ठेवला. भानुबुवा हिरडगावचे, जातीनं कोष्टी, वीस वर्षं मठात झाडलोट करून वर आलेले. मला बाराखडी त्यांनीच शिकवली, मठाच्या ओसरीत, राखेवर बोट धरून. झालं! सोनवलीच्या पोटात दुखायला लागलं. त्यांचे यशवंतबुवा मठात होतेच. गोरेपान, संस्कृत शिकलेले, आणि सबनीस दिवाणांचे सख्खे चुलतभाऊ.

पण नुसता हात ठेवून गादी मिळत नसे. नेमलेल्या शिष्यानं अकरा दिवस समाधीपुढं मौन धरून बसायचं. एक शब्द जरी तोंडातून गेला तरी गादी गेली, ती दुसऱ्या शिष्याची. आणि त्याच्यासमोर सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत एक साक्षी बसवायचा. सूर्य मावळला की दाराला बाहेरून कुलूप. बाराव्या दिवशी दोन्ही दरबारांदेखत साक्षीनं उजवा हात पादुकांवर ठेवून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, बोलले की न बोलले. हा साक्षीचा मान आमच्या घराण्याचा. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्यांनी अकरा दिवस मांडी घालून बसणं होणार नव्हतं, म्हणून या खेपेला मी बसलो होतो. दुपारी बुवांची बिनमिठाची पेज यायची, तेव्हा घटकाभर आप्पा मला सोडवायचे. तेवढ्या वेळात सातव्या दिवशी मला तंबूत बोलावणं आलं होतं.

"शिंकला असेल, तेव्हा 'राम राम' म्हणाला असेल," दिवाण म्हणाले.

"शिंकले दोनदा. पण गप."

"झोपेत?"

"झोपत नाहीत जी दिवसा."

दिवाण हसले. पानाचा डबा पुढं केला. मी एवढं मोठं पान कधी खाल्लं नव्हतं.

"हे बघ मार्तंडराव," ते म्हणाले. राव! माझ्या सात पिढ्यांत कुणाला राव लागलं नव्हतं. "मी खोटं बोल म्हणत नाही. पादुकांवर हात ठेवून खोटं कोण बोलेल? फक्त काही घडलं तर लपवू नकोस. अजून चार दिवस आहेत. तुझा बाप दसऱ्याला दरबारात कुठं उभा असतो रे?"

"खांबाजवळ."

"किती वेळ?"

दसऱ्याला राणीसरकारांना आपट्याची पहिली पानं गुरवानं द्यायची, हा आमचा दुसरा मान. मान कसला, शिक्षा! दरबार सुरू झाल्यापासून सरकार उठेपर्यंत चार तास डाव्या बाजूच्या तिसऱ्या खांबाजवळ पानं घेऊन उभं राहायचं. आप्पांचे गुडघे तेव्हा कलिंगडासारखे सुजलेले. मागच्याच दसऱ्याला ते जरा खांबाला टेकले, तर भालदारानं चांदीची काठी त्यांच्या बरगडीत टोचली. माझ्यादेखत. आप्पा दचकून सरळ झाले आणि माझ्याकडं बघून ओशाळं हसले. ते हसू माझ्या काळजात रुतून बसलं होतं.

"खरं सांगणाऱ्याला आमच्या दरबारात खुर्ची मिळते," दिवाण म्हणाले. "घराण्याला. पिढ्यान्‌पिढ्या. अशीच, वेताची. राणीसरकारांच्या कानावर घातलंय मी."

"पण ते बोललेच नाहीत तर?"

"तर नाही. तर तुझा बाप आहे आणि खांब आहे."

त्याच संध्याकाळी नदीच्या उताराशी हिरडगावचा फौजदार घोड्यावरून आडवा आला. तो दिवाणासारखा गोडबोल्या नव्हता. "ए गुरवा," म्हणाला, "काहीही होऊ दे, न बोलले म्हणायचं. समजलं? नाहीतर आमच्या बाजारात पाय ठेवून बघ, तंगडं मोडून हातात देतो." म्हणजे बघा, एकाला 'बोलले' हवं होतं आणि दुसऱ्याला 'न बोलले'. काय झालं ते कुणालाच नको होतं. मला त्या फौजदाराचा असा संताप आला! आणि पुढं माझ्या मनाला तो संताप फार उपयोगी पडला.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी आप्पांच्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला बांधत होतो. सहज विचारावं तसं विचारलं, "आप्पा, दसऱ्याला तुम्हाला बसायला खुर्ची मिळाली तर?"

"खुर्ची?" आप्पा खो खो हसले. "मग काय बाबा! गुडघं नाचत्याल माजं. तुझ्या आईला सांगून नवं धोतर काढीन." मग पाला दाबत म्हणाले, "आपल्याला कोन देतंय खुर्ची? येडा हाईस."

नववा दिवस. दुपार कललेली. भानुबुवा समाधीपुढं बसलेले, मी चार हातांवर त्यांच्यासमोर. माझ्या उजव्या बाजूला बेलाची पाटी. समाधीवर दिवसातून तीनदा बेल वाहायचा, पानं मी काढून द्यायची आणि बुवांनी वाहायची, असं चाललेलं. पाटी सकाळीच भरून आणलेली, वर ओलं फडकं. मला पेंग येत होती. तिसऱ्या वेळचा बेल काढायला मी न बघताच फडक्याखाली हात सरकवायला गेलो.

"मार्तंडा, हात!"

नऊ दिवस न वापरलेला तो आवाज, चिरका, फाटलेला. मी हात असा मागं ओढला की पाटीची काडी लागून मनगटापासून करंगळीपर्यंत सालटं निघालं. आणि त्याच क्षणी फडक्याखालून घोणसीचं तोंड पाटीच्या कडेवर आपटलं. मनगटाएवढी जाड घोणस; फडकं हललेलं समोरून बुवांनाच दिसलं होतं. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकत होती. तेव्हा कुकर नव्हते, पण आता सून कुकर लावते तेव्हा दर वेळी मला तीच आठवते. मी पाटी पायानं बाहेर ढकलली आणि दार ओढलं. घोणस चावली असती तर आमच्याकडं तेव्हा औषध नव्हतं. माणूस दुसरा दिवस बघत नसे.

वळलो तर भानुबुवा डोळे मिटून बसलेले. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलेलं. गालांवरून पाणी वाहत होतं. वीस वर्षं झाडलोट केली त्या माणसानं, गुरूनं डोक्यावर हात ठेवला, आणि दोन दिवस उरले असताना दोन शब्दांत सगळं गेलं. माझ्यासाठी गेलं.

मी त्यांच्या पायांवर पडलो. "बुवा, मी कुणाला नाही सांगणार. आत कोण होतं? तुम्ही अन् मी. माझ्या आईची शपथ, मरेपर्यंत नाही सांगणार."

बुवांनी डोळे उघडले आणि मान हलवली. नाही, नाही, अशी. म्हणजे काय? शपथ घेऊ नको? माझ्यासाठी खोटं बोलू नको? की काळजी करू नको? बोलून सांगता येत नव्हतं त्यांना. मग त्यांनी माझा रक्ताळलेला हात धरला, तांब्यातलं पाणी घालून धुतला, आणि समाधीवरचा अंगारा त्यावर दाबला.

तेव्हा मी मनापासून शपथ घेतली होती हो. त्या घटकेला कुणी मला सोनवलीचं सिंहासन दिलं असतं तरी मी थुंकलो असतो. पण मन मोठं हलकट असतं, दोन दिवसांत काय काय करतं. दहाव्या दिवशी वाटलं, बुवा स्वतःच 'नाही' म्हणाले, म्हणजे खोटं बोलू नको असंच सुचवलं त्यांनी. अकराव्या दिवशी वाटलं, पादुकांवर हात ठेवून खोटं बोललो तर घराण्याचा निर्वंश होईल. फौजदार आठवला, म्हटलं, त्याच्या धमकीला भिऊन खोटं बोलू होय? मी काय हिरडगावचा नोकर? बघा, किती सद्‌गुण जमा झाले माझ्याजवळ. सत्य आलं, देवाची भीती आली, बाणेदारपणा आला. आणि या सगळ्यांच्या मागं एक वेताची खुर्ची होती, तिच्याकडं मात्र मी बघत नव्हतो.

बाराव्या दिवशी सकाळी मठाच्या अंगणात माणूस मावत नव्हता. उजवीकडं हिरडगावचे राजेसाहेब, मिशांना पीळ दिलेले, पुढ्यात तबकात भरजरी चादर. डावीकडं चिकाचा पडदा, पडद्याआड राणीसरकार, आणि पडद्याबाहेर सबनीस दिवाण, त्यांच्याही पुढ्यात चादर. मध्ये चौरंगावर पादुका. भानुबुवा एका अंगाला उभे, अकरा दिवसांत पार वाळून गेलेले. मौन अजून सुटलं नव्हतं, चादर पडेपर्यंत सुटायचं नसतं. आप्पा माझ्या मागं काठीवर रेलून उभे होते.

मठाचे पुराणिक अंताजीपंत पुढं आले. "साक्षी, हात ठेव."

मी उजवा हात पादुकांवर ठेवला. करंगळीवरची खपली अजून ओली होती. लाकूड गार लागलं.

"या अकरा दिवसांत हे बोलले की न बोलले?"

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित दुसरं काही तोंडातून गेलं असतं. मी म्हणालो, "बोलले."

दीडशे वर्षांत आमच्या घराण्यातल्या कुणी हा शब्द तिथं उच्चारला नव्हता. अंगणात एकदम कल्ला. राजेसाहेब ताडकन उठले. "खोटं! विकत घेतलाय गुरव! बुवा, तुम्ही सांगा. नुसती मान हलवा. हा खोटं बोलतोय ना?"

भानुबुवांनी मान हलवली. नाही, नाही. तशीच, नवव्या दिवसासारखी.

"म्हणजे? बोललात तुम्ही?"

बुवांनी होकारार्थी मान खाली घातली.

संपलं. आता विचारायचं काय राहिलं? साक्ष आणि कबुली दोन्ही झाल्या. काय बोलले, का बोलले, हे अंताजीपंतांना विचारायचं सुचलं असतं तर... छे, पंतांवर कशाला ढकलू? मला तोंड होतं. हात अजून पादुकांवरच होता. 'घोणस होती, माझा जीव वाचवायला बोलले,' एवढंच म्हणायचं होतं. कदाचित त्यावर पंतांनी वेगळा विचार केला असता. मी म्हटलं नाही. चिकाआड कुजबुज झाली, दिवाणांनी माझ्याकडं बघून हळूच मान झुकवली, आणि मला ती आवडली. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून सांगतो.

राजेसाहेब चादर तशीच उचलून पाय आपटत गेले. दुपारच्या आत यशवंतबुवांच्या खांद्यावर सोनवलीची चादर पडली. पलीकडच्या काठावर सोनवलीच्या तोफा ऐकू जाव्यात म्हणून दोन जास्त उडवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला उठवलं. "चल, बुवा निघाल्यात. मठातनं जानाऱ्याला आपल्या घरचं पानी लागतं."

"मी कशाला?"

"तू साक्षी हाईस. बोललं ते बोललं, मानूसच हाय. खरं सांगितलंस, त्यात तुझा काय दोस? पन पानी द्यायला पायजे."

उताराशी भानुबुवा उभे होते. एक कांबळं, एक तांब्या, बास. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पोचवायला कालच्या गर्दीतलं एक माणूस नव्हतं. हिरडगावलाही ते आता नको होते. नाक कापलं होतं ना त्यांनी राजेसाहेबांचं.

आप्पांनी वाकून नमस्कार केला. मी गडव्यातलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं. मान खालीच. पाणी पिऊन त्यांनी ओठ पुसले आणि म्हणाले, "मार्तंडा, हात बरा आहे ना? चिघळू देऊ नकोस. हळद लाव."

खरं सांगतो, त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकले असते, तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. खरंच हाताची चौकशी करत होते.

"कसला हात?" आप्पांनी विचारलं.

भानुबुवांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. त्यांच्या लक्षात आलं की घरीसुद्धा मी काही सांगितलेलं नाही. "काही नाही, रखमाजी," ते म्हणाले. "बेलाचा काटा लागला होता त्याला." आणि मौन सुटल्यावरच्या पहिल्याच सकाळी माझ्यासाठी खोटं बोलून तो माणूस पाण्यात उतरला. पलीकडं पोचेपर्यंत आप्पा बघत उभे राहिले.

आप्पांनी साठ वर्षं बेल तोडला होता. येताना वाटेत ते थांबले, माझं मनगट धरलं, चार दिवस मी बोटांपर्यंत ओढून ठेवलेली बाही वर केली आणि मनगटापासून करंगळीपर्यंतचं ओरबाडं बघितलं.

"ह्यो काटा न्हाई."

मी हात सोडवून घ्यायला बघितलं.

"काय बोललं बुवा?" आप्पांनी विचारलं. काल एवढ्या मोठ्या दोन दरबारांनी न विचारलेला प्रश्न माझ्या अडाणी बापानं विचारला.

सगळं सांगितलं. घोणस सांगितली, शपथ सांगितली. खुर्चीही सांगितली, आणि रडत रडत म्हणालो, "तुमच्या गुडघ्यांसाठी केलं आप्पा. त्या भालदारानं काठी टोचली तुम्हाला..."

मला वाटलं मारतील. काठी होती हातात. पण आप्पांनी माझं मनगट सोडलं, बाही नीट खाली केली, आणि पुढं चालायला लागले. त्या दिवसापासून निर्गुडीचा पाला त्यांनी माझ्याकडून कधी बांधून घेतला नाही. आई बांधायची.

मी त्याच दिवशी मठात जाऊन सांगू शकत होतो. दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, वर्षानं. प्रत्येक वेळी काहीतरी कारण निघायचं. कारणं कधी कमी पडली नाहीत मला. भानुबुवा हिरडगावात परत मागावर बसले, पंचे विणायला लागले, एवढं बाजारातून कळायचं. मी तिकडं कधी फिरकलो नाही.

दसरा आला. दिवाण शब्दाचे पक्के निघाले. डाव्या बाजूच्या तिसऱ्या खांबाजवळ वेताची खुर्ची मांडलेली होती, तीच, पाठीला गोल वळण असलेली. आप्पा नवं धोतर न नेसता आले. जुनंच, धुवट. हातात आपट्याची पानं. भालदारानं पुकारा केला, "मार्तंडराव गुरव, खुर्ची!" आणि सगळा दरबार माझ्याकडं बघायला लागला.

"आप्पा, बसा," मी हळूच म्हणालो.

"माजं नाव न्हाई पुकारलं."

"मी सांगतो दिवाणांना. बसा हो, तुमच्यासाठीच तर..."

"माज्यासाठी म्हनू नगंस." आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. समोर राणीसरकारांच्या पडद्याकडं बघत, ओठही नीट न हलवता म्हणाले, "त्येवढं सोडून काय बी म्हन. बस. पुकारा झालाय."

पुकारा झाल्यावर उभं राहणं म्हणजे सरकारचा अपमान, आणि एकदा बसलं की सरकार उठेपर्यंत उठायचं नाही, हा दरबारचा नियम. मी बसलो. वेत करकरला. पाठ मात्र काही केल्या ताठ होईना.

दरबार सुरू झाला. नजराणे झाले, गाणं झालं, यशवंतबुवांनी संस्कृतात आशीर्वाद दिला. आप्पा खांबाजवळ उभे. दोन तासांनी ते खांबाला जरा टेकले. तोच भालदार काठी घेऊन आला, त्यांना बघितलं, मला खुर्चीवर बघितलं, आणि अदबीनं दोन पावलं मागं सरला. आप्पांच्या ते लक्षात आलं. त्यांनी खांब सोडला आणि सरळ उभे राहिले.

मी बसलो होतो तिथून मान खाली घातली की नजर बरोबर त्यांच्या गुडघ्यांवर पडत होती. हातभर अंतर. धोतराखाली ते थरथरताना दिसत होते. दुसरीकडं बघावं म्हटलं तर माझी मान वळत नव्हती. चार तास मी ते गुडघे बघत बसलो.

त्यानंतर आणखी सात दसरे आप्पा दरबारात आले. बसले एकदाही नाहीत. आणि मला ऊठ असंही ते एकदाही म्हणाले नाहीत.